आपण कुठल्या दाराने आलो? अमेरिकेतील मराठी शाळांच्या शिक्षकांना खुले पत्र

अमेरिकेतील मराठी शाळांचे शिक्षक, संचालक आणि अभ्यासक्रम ठरवणारी मंडळी यांस,

सप्रेम नमस्कार.

गेली आठ वर्षे मी न्यू जर्सीतल्या एका मराठी शाळेत रविवारी सकाळी दोन तास शिकवते. शाळा म्हणजे भाड्याने घेतलेले चार वर्ग, पुठ्ठ्याच्या खोक्यातली पुस्तके आणि आपापली कामे सांभाळून येणारे आम्ही सात-आठ पालक, हे आपल्यापैकी बहुतेकांना वेगळे सांगायला नको. गेल्या वर्षी मी चौथ्या पातळीच्या मुलांना ‘आमचे कुटुंब अमेरिकेत कसे आले’ या विषयावर दहा ओळी लिहून आणायला सांगितल्या. वर्गात अकरा मुले आहेत. शब्दांचा थोडा फेरफार सोडला तर अकराही वह्यांत एकच मजकूर होता: बाबा (दोन वह्यांत आई) खूप हुशार होते, त्यांनी खूप अभ्यास केला, म्हणून अमेरिकेने त्यांना बोलावले. ‘हुशार’चा उकार ऱ्हस्व काढला आहे की दीर्घ, एवढे तपासून मी वह्या परत दिल्या.

त्याच आठवड्यात माझ्या मुलाच्या शाळेत पाचवीच्या मुलांचा ‘एलिस आयलंड डे’ झाला, म्हणजे बोटीने येणाऱ्यांची तपासणी जिथे होत असे त्या न्यूयॉर्कजवळच्या एलिस बेटाचे नाटक. व्यायामशाळेत दोऱ्या बांधून रांगा केल्या होत्या. मुलांच्या डोक्याला रुमाल, खांद्यावर गाठोडे आणि हातात पुठ्ठ्याचा पासपोर्ट होता. डॉक्टर झालेल्या शिक्षिका एखाद्याच्या कोटावर खडूने खूण करून त्याला बाजूला उभे करत होत्या. माझा मुलगा पोलंडचा शिंपी झाला होता आणि त्याचा शेजारचा मित्र, ज्याची पणजी दक्षिणेतल्या जॉर्जिया राज्यातून नेवार्कला राहायला आली होती, तो इटलीचा पाववाला. घरी येताना मुलाने मला विचारले, “आपले आजोबा कुठल्या बोटीने आले?” त्याचे आजोबा सहा-सहा महिन्यांच्या व्हिसावर दोनदा विमानाने आले आणि थंडीला कंटाळून परळला परत गेले, हे त्याला ठाऊक होते, पण त्या दिवशी शाळेत सगळ्यांचे आजोबा बोटीने आले होते. त्याच्या मित्राने आपल्या घरी काय विचारले असेल याचा मी पुढे बरेच दिवस विचार करत होते.

अकरा वह्या आणि तो पुठ्ठ्याचा पासपोर्ट यांमुळे हे पत्र लिहीत आहे. माझी विनंती अशी की, वरच्या पातळ्यांच्या, म्हणजे साधारण दहा वर्षांपुढच्या मुलांसाठी आपण वर्षातले पाच-सहा रविवार राखून ठेवावेत आणि या देशात लोक कसे आले, कसे आणले गेले, कसे हाकलले गेले आणि देशातल्या देशातही मुलूख सोडून कसे गेले, हा इतिहास त्यांना मराठीतून शिकवावा. आणि तो शिकवताना आपण स्वतः कुठल्या कायद्याच्या दाराने आत आलो आणि ते दार कोणी उघडले हे आडपडदा न ठेवता सांगावे.

‘इतिहास शिकवायला अमेरिकन शाळा आहे, आपण भाषा शिकवावी’ असे काही सहकारी म्हणतील. अमेरिकन शाळेत हा विषय येतो, हे खरे आहे. आशियाई वंशाच्या अमेरिकनांचा इतिहास सरकारी शाळांत शिकवलाच पाहिजे असा कायदा इलिनॉयने २०२१ मध्ये सर्वांत आधी केला आणि जानेवारी २०२२ मध्ये न्यू जर्सीनेही केला. पण कायदा झाला म्हणजे वर्गात धडा झाला असे होत नाही. शिवाय हा विषय मराठीत अधिक चांगला शिकवता येतो असे मला वाटते, आणि त्याचे कारण भाषेचेच आहे.

इंग्रजीत ‘इमिग्रेशन’ हा एकच शब्द सगळ्यांना पुरवला जातो. आपला पुस्तकी ‘स्थलांतर’ही तितकाच सपाट आहे, उजनीच्या जलाशयावर येणाऱ्या रोहित पक्ष्यांनाही तो चालतो. घरातल्या मराठीत मात्र माणूस गाव का सोडतो त्यावरून शब्द बदलतो. बहात्तरच्या दुष्काळात मराठवाड्यातली माणसे ‘जगायला गेली’. कोकणातला माणूस मुंबईला ‘चाकरीला’ जातो, बीडचे जोडपे ‘तोडीला’ जाते, सावकाराला चुकवणारा ‘परागंदा’ होतो आणि धरणात गाव गेलेल्याला ‘उठवतात’. मी हे शब्द फळ्यावर लिहिले आणि अमेरिकेच्या इतिहासातल्या लोकांपुढे कुठला शब्द बसतो ते मुलांना ठरवायला सांगितले. १८४५ पासून बटाट्याचे पीक कुजून आयर्लंडमध्ये दहा लाखांच्या आसपास माणसे मेली आणि त्याहून अधिक देश सोडून गेली, हे ऐकल्यावर ‘जगायला गेली’ हे त्यांनी लगेच सांगितले. मूळ रहिवाशांना हटवण्याच्या १८३० च्या कायद्याच्या आधारे १८३८-३९ मध्ये सैनिकांच्या पहाऱ्यात जॉर्जिया आणि आसपासच्या मुलखातून मिसिसिपीपलीकडे नेलेल्या सुमारे सोळा हजार चेरोकी आदिवासींपुढे, ज्यांतले चार हजारांच्या घरात लोक दगावले असे मानतात, त्यांनी ‘उठवले’ लिहिले. १८४८ च्या तहाने मेक्सिकोचा मुलूख अमेरिकेत आला तेव्हा तिथेच राहिलेल्या कुटुंबांपाशी गाडी अडली. एक मुलगा म्हणाला, “पण ते तर कुठे गेलेच नाहीत.” नव्या शिक्षकाला जे समजावायला मला अर्धा तास लागतो, ते त्याने एका वाक्यात सांगितले.

आफ्रिकेतून आणलेल्या लोकांपाशी तर सगळे शब्द संपले. १६१९ पासून पुढच्या दोन शतकांत जवळजवळ चार लाख माणसे थेट आफ्रिकेतून आजच्या अमेरिकेच्या किनाऱ्यावर उतरवली गेली. १८०८ पासून ही आयात कायद्याने बंद झाल्यावर देशातल्या देशात विक्री वाढली आणि व्हर्जिनिया-मेरीलँडकडून सुमारे दहा लाख गुलामांना कापसाच्या दक्षिण मुलखात हलवले गेले, बऱ्याचदा आईला एकीकडे आणि मुलाला दुसरीकडे विकून. ‘आणलेले’ हा शब्द एका मुलीला मान्य नव्हता. “आणलेले म्हणजे दुकानातून सामान आणल्यासारखे वाटते,” असे तिचे म्हणणे. शेवटी ‘पळवून, साखळीत घालून, विकलेले’ असे तीन शब्द वहीत उतरले. २०१५ मध्ये टेक्सासमधल्या भूगोलाच्या एका पाठ्यपुस्तकात स्थलांतराच्या धड्यातल्या नकाशाखाली या लोकांना ‘कामगार’ म्हटले होते. एका विद्यार्थ्याने त्याचे छायाचित्र आईला पाठवले, आईने आवाज उठवला आणि प्रकाशकाला चूक मान्य करून मजकूर बदलावा लागला. शब्द नेमका असावा यासाठी नववीतला एक मुलगा काय करू शकतो, हे आपल्या व्याकरणाच्या तासालाही सांगण्यासारखे आहे.

मराठी माणसाचा या इतिहासाशी संबंध दाखवायचा तर आपण आनंदीबाई जोशींपासून सुरुवात करतो, आणि ते योग्यच आहे. पण आपल्या गोष्टीत जिद्द असते, समुद्र असतो, गोपाळरावांचा हट्ट असतो आणि कायदा नसतो. जून १८८३ मध्ये आनंदीबाई न्यूयॉर्कला उतरल्या तेव्हा स्वातंत्र्यदेवीचा पुतळा उभा राहिलेला नव्हता आणि एलिस बेटावरचे केंद्र उघडायला साडेआठ वर्षे होती. त्यांना व्हिसा लागला नाही, कारण तेव्हा तो नव्हताच. त्या न्यू जर्सीतल्या रोझेल गावी कार्पेंटरबाईंच्या घरी गेल्या. आमच्या शाळेतल्या कित्येक मुलांना रोझेल म्हणजे महामार्गावरची एक पाटी एवढेच ठाऊक असते. पण त्यांच्या आगमनाच्या जेमतेम वर्षभर आधी, ६ मे १८८२ रोजी, चिनी मजुरांना बंदी घालणारा कायदा झाला होता. ज्या आंतरखंडीय रेल्वेचे दोन्ही टोकांकडून आलेले रूळ १८६९ मध्ये युटात जोडले गेले, तिच्या पश्चिमेकडच्या भागावर दहा हजारांहून अधिक चिनी मजुरांनी डोंगर फोडले होते. तेरा वर्षांनी त्यांच्याच भावांना दार बंद झाले. आणि आनंदीबाई चिनी असत्या तर १८७५ च्या पेज कायद्यान्वये त्यांच्या चारित्र्याची चौकशी हाँगकाँगच्या अमेरिकी वकिलातीतच झाली असती. अठरा वर्षांच्या त्या मुलीच्या धैर्याला यामुळे यत्किंचितही उणेपणा येत नाही. तिच्या वाटेत नसलेली भिंत दुसऱ्या कोणाच्या वाटेत उभी होती, एवढेच मुलांना कळायला हवे.

एलिस बेट शिकवूच नये असे माझे म्हणणे नाही. सुमारे एक कोटी वीस लाख लोक तिथून आत आले आणि त्यांतले साधारण दोन टक्केच परत पाठवले गेले. (तिथल्या कारकुनांनी लोकांची नावे बदलली ही दंतकथा मात्र आता सोडून द्यावी, कारकुनांच्या हातात जहाजावरून आलेली यादी असे आणि ते तिच्यावरूनच नावे पुकारत.) पण एलिस बेटाला एक जोड आहे आणि ती सोडली की अर्धाच इतिहास उरतो. सॅन फ्रान्सिस्कोच्या खाडीतल्या एंजल बेटावर १९१० ते १९४० या काळात मुख्यतः आशियातून आलेल्या लोकांना अडवून ठेवत. एलिस बेटावर तासांचा हिशेब असे, इथे आठवड्यांचा आणि महिन्यांचा. १९०६ च्या भूकंपात आणि आगीत शहराच्या जन्मनोंदी जळाल्यामुळे अनेक चिनी पुरुषांना आपण इथेच जन्मलो असे सांगता आले आणि मग कागदोपत्री त्यांचे मुलगे म्हणून इतरांना बोलावता आले. हे ‘कागदी मुलगे’ ओळखण्यासाठी अधिकारी बारीकसारीक प्रश्न विचारत: घराला किती पायऱ्या, तांदळाचे भांडे कुठे ठेवतात, गल्लीतल्या तिसऱ्या घरात कोण राहते. खऱ्या मुलाचे उत्तर बापाच्या उत्तराशी जुळले नाही तर त्यालाही परत जावे लागे. कोठडीत बसलेल्यांनी लाकडी भिंतींवर कोरलेल्या दोनशेहून अधिक चिनी कविता नंतर वाचल्या गेल्या आहेत.

हा तास मी असा घेतला. मुलांना एका खोलीत आणि त्यांना न्यायला आलेल्या पालकांना दुसऱ्या खोलीत बसवून दोघांनाही तेच पाच प्रश्न दिले. भारतातल्या आजोबांच्या घराला किती पायऱ्या आहेत, देव्हाऱ्याचे तोंड कुठल्या दिशेला आहे, समोरच्या घरात कोण राहते, वगैरे. एकाही कुटुंबाची पाचही उत्तरे जुळली नाहीत. देव्हाऱ्याच्या दिशेवरून तर एका नवरा-बायकोतच जुंपली. नियमाप्रमाणे आम्ही सगळ्यांना परत पाठवायला हवे होते. इतके हसल्यानंतर त्या भिंतीवरच्या कवितांची छायाचित्रे दाखवली तेव्हा वर्गात जी शांतता पसरली, ती माझ्या आठ वर्षांत मी क्वचितच अनुभवली आहे.

आता १९ फेब्रुवारीविषयी. त्या सुमाराच्या रविवारी आपण सगळे शिवजयंती साजरी करतो. (तिथी आणि तारखेचा वाद इथे बाजूला ठेवू.) याच तारखेला, १९ फेब्रुवारी १९२३ रोजी, अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने भगतसिंग थिंद यांच्या खटल्याचा निकाल दिला. १७९० च्या कायद्याने नागरिकत्व फक्त ‘स्वतंत्र गोऱ्या’ व्यक्तींना मिळू शकत होते; यादवी युद्धानंतर १८७० मध्ये त्यात आफ्रिकी वंशाचे लोक आले, आशियाई तसेच बाहेर राहिले. थिंद १९१३ मध्ये पंजाबातून आले होते आणि पहिल्या महायुद्धात पगडी घालून अमेरिकेच्या सैन्यात होते. त्यांच्या बाजूने मांडणी अशी झाली की, ते उच्च जातीचे आर्य आहेत, शास्त्राच्या दृष्टीने आर्य हे कॉकेशियन, म्हणून ते गोरेच ठरतात. न्यायालयाने एकमताने सांगितले की, शास्त्र काहीही म्हणो, सामान्य माणूस ज्याला गोरा समजतो तो गोरा, आणि थिंद तसे नाहीत. निकाल लिहिणारे न्यायमूर्ती जॉर्ज सदरलँड स्वतः इंग्लंडमध्ये जन्मून तान्हेपणी अमेरिकेत आलेले होते, ही गोष्ट मुलांच्या नजरेतून सुटत नाही.

या निकालानंतर सरकारने ज्या भारतीयांना आधीच नागरिकत्व मिळाले होते त्यांचेही ते काढून घ्यायला सुरुवात केली. सखाराम गणेश पंडित हे कॅलिफोर्नियातले वकील स्वतःसाठी लढले आणि १९२६ मध्ये अपील न्यायालयात जिंकले. सॅन फ्रान्सिस्कोत दुकान चालवणारे वैष्णोदास बागाई १९२८ मध्ये जीव देऊन मोकळे झाले. हा प्रसंग दहा वर्षांच्या मुलांना सांगू नये, पंधरा वर्षांच्या मुलांना जरूर सांगावा, आणि त्यांच्या मागे राहून तीन मुलगे वाढवणाऱ्या काला बागाईंचे नाव आज बर्कलीतल्या एका रस्त्याला आहे हेही सांगावे. आणि त्याच तारखेला, १९ फेब्रुवारी १९४२ रोजी, राष्ट्राध्यक्ष रूझवेल्ट यांनी ज्या आदेशावर सही केली त्यामुळे जपानी वंशाच्या सुमारे १ लाख २० हजार लोकांना घरेदारे सोडून छावण्यांत जावे लागले, ज्यांतले दोन-तृतीयांश जन्माने अमेरिकी नागरिक होते. जयंतीच्या कार्यक्रमातून पंधरा मिनिटे या दोन गोष्टींना दिली तर महाराजांचा मान कमी होणार नाही.

थिंद यांच्या बाजूने झालेल्या युक्तिवादात जो जातीचा दाखला होता तो मी गाळत नाही, आणि आपणही गाळू नये. भारतातला उच्चवर्णीय खालच्यांशी सोयरीक करताना तशीच घृणा बाळगतो जशी गोरा अमेरिकन काळ्यांविषयी बाळगतो, असे त्यात अभिमानाने लिहिले होते. त्याच १९१३ मध्ये बडोद्याच्या सयाजीराव महाराजांची शिष्यवृत्ती घेऊन एक महार तरुण न्यूयॉर्कच्या कोलंबिया विद्यापीठात शिकायला आला होता. हार्लेमच्या शेजारी तीन वर्षे काढलेल्या डॉ. आंबेडकरांनी १९४६ मध्ये कृष्णवर्णीय विचारवंत ड्यू बॉइस यांना पत्र लिहिले, अमेरिकेतले निग्रो संयुक्त राष्ट्रांकडे जो अर्ज करणार होते त्याची प्रत मागवायला. एका वर्षी आलेली ही दोन माणसे एका तासाला शेजारी-शेजारी ठेवून पाहावीत. शिक्षकाने फार बोलू नये, मुले बोलतात.

आता अकरा वह्यांकडे येते. १९४६ च्या कायद्याने भारतीयांना नागरिकत्वाचा हक्क मिळाला आणि साऱ्या हिंदुस्थानासाठी वर्षाला १०० जणांचा कोटा ठरला. मी मुलांना आमच्या गणेशोत्सवाच्या सभागृहातल्या खुर्च्यांची संख्या विचारली. ती सहाशे आहे, म्हणजे आरतीला जमलेली माणसे यायला सहा वर्षे लागली असती. ती काय १९४६ ते १९६५ या काळात कमी हुशार होती? १९६५ मध्ये काय बदलले हा खरा प्रश्न आहे. त्या वर्षी ६ ऑगस्टला मतदान हक्काचा कायदा झाला आणि ३ ऑक्टोबरला राष्ट्राध्यक्ष जॉन्सन यांनी स्वातंत्र्यदेवीच्या पायथ्याशी बसून नव्या इमिग्रेशन कायद्यावर सही केली. वंशावरून भेद करणारे कायदे टिकू द्यायचे नाहीत यासाठी दक्षिणेतल्या काळ्या माणसांनी मार खाल्ला, तुरुंगवास भोगला, जीव दिले. त्या रेट्यात, कुठल्या देशातून किती माणसे घ्यायची हे ठरवणारा १९२४ चा राष्ट्रवार कोटाही वाहून गेला. १९२४ च्या कायद्याला अमेरिकी काँग्रेसमध्ये (तिथल्या संसदेत) नवखे असताना विरोध करणारे ब्रुकलिनचे इमॅन्युएल सेलर एकेचाळीस वर्षांनी त्याला मूठमाती देणाऱ्या विधेयकाचे कर्ते होते. हा काही क्रांतिकारी कायदा नव्हे, असे जॉन्सन त्या दिवशी म्हणाले. आपण सारे त्यांचा तो अंदाज चुकल्याचा पुरावा आहोत. सरकारी महाविद्यालयांच्या नाममात्र फीवर शिकलेले आपले डॉक्टर आणि इंजिनियर त्या दाराने आत आले, आणि त्याच कायद्याने मेक्सिको आणि शेजारच्या देशांवर पहिल्यांदाच मर्यादा घातली, हेही त्याच पानावर लिहावे लागते.

मुलांच्या स्वतःच्या नागरिकत्वाचेही तेच. वर्गातली जी मुले इथे जन्मली म्हणून इथली नागरिक आहेत, ती गुलामगिरीतून सुटलेल्यांसाठी १८६८ मध्ये झालेल्या चौदाव्या घटनादुरुस्तीमुळे आहेत, आणि सॅन फ्रान्सिस्कोत जन्मलेल्या वोंग किम आर्क नावाच्या चिनी स्वयंपाक्याने १८९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयात तो हक्क मिळवल्यामुळे आहेत. या तरतुदीवरून आज पुन्हा वाद उभा राहिला असताना तरी आपल्या मुलांना त्या स्वयंपाक्याचे नाव माहीत असावे.

माझ्या मुलाच्या मित्राच्या पणजीची गोष्ट अजून राहिली. १९१० च्या दशकापासून १९७० पर्यंत सुमारे साठ लाख कृष्णवर्णीय दक्षिण सोडून शिकागो, डेट्रॉइट, न्यूयॉर्क, नेवार्क, लॉस एंजेलिसला गेले. सीमा ओलांडली नाही म्हणून ही माणसे ‘एलिस आयलंड डे’च्या रांगेत बसत नाहीत. आपल्या मुलांना हे समजावणे सोपे आहे, कारण आपल्या घरात चाकरमानी होते. माझे आजोबा दाभोळहून बोटीने भाऊच्या धक्क्यावर उतरले आणि गावकीच्या खोलीत पाळीपाळीने झोपून परळच्या गिरणीत लागले. आधी गेलेल्याने मागच्याला बोलवायचे, खोली द्यायची, मुकादमाला सांगायचे, आणि गणपतीला गावी जायचे. जॉर्जियाचा माणूसही नेवार्कला आधी आलेल्या मावसभावाच्याच पत्त्यावर उतरत असे, आणि शिकागोचे ‘डिफेंडर’ हे वृत्तपत्र रेल्वेच्या डब्यांतले कृष्णवर्णीय नोकर दक्षिणेत पोहोचवत तेव्हा त्यातल्या नोकऱ्यांच्या बातम्या गावभर वाचून दाखवल्या जात. तुलना इथपर्यंतच चालते. माझ्या आजोबांना कोणी झाडाला टांगण्याची भीती नव्हती, आणि ते निघाले तेव्हा धक्क्यावर त्यांना अडवायला पोलिस उभे नव्हते. दक्षिणेत मजूर जाऊ नयेत म्हणून स्थानकांवर धरपकड झालेली आहे. नागरिकाला देशातल्या देशातही अडवता येते, हे १९३६ मध्ये लॉस एंजेलिसच्या पोलिसांनी कॅलिफोर्नियाच्या सीमेवर चौक्या बसवून ओक्लाहोमाकडच्या गोऱ्या, पण कंगाल झालेल्या शेतकऱ्यांनाही दाखवून दिले होते.

दोन आक्षेप मला प्रत्यक्ष ऐकायला मिळाले. पहिला असा की, हे राजकारण आहे. मी जे शिकवते ते कायद्यांची कलमे, तारखा आणि निकाल आहेत; त्यांवरून कोणाला मत द्यावे हे मी सांगत नाही आणि कोणी सांगूही नये. दुसरा आक्षेप मला अधिक गंभीर वाटतो. वर्गातल्या काही मुलांचे आईवडील वर्षानुवर्षे ग्रीन कार्डच्या रांगेत आहेत. नोकरीवर आधारलेल्या वर्षाकाठी १ लाख ४० हजार कार्डांपैकी एका देशाला साधारणपणे सात टक्क्यांपेक्षा जास्त मिळत नाहीत, आणि भारतात जन्मलेले मूल एकविसाचे झाले की आईबापांच्या अर्जातून गळते. अशा मुलाला हा विषय टोचेल का? टोचतो. म्हणून मी ‘घरचे कागद आणा’ असे कधीच सांगत नाही, कोण कुठल्या व्हिसावर आहे हे वर्गात विचारत नाही, आणि आपणही विचारू नये. ज्याला सांगायचे असेल तो सांगतो. या वर्षी एका मुलीने आपणहून लिहिले की, आमच्या कपाटात एक जाड निळी फाइल आहे, तिला हात लावायचा नाही, आणि घराला आग लागली तर आधी ती फाइल घ्यायची आणि मग मला, असे आई गमतीने म्हणते.

मी आतापर्यंत चार पाठांचे मसुदे तयार केले आहेत: शब्दांचा पाठ, एंजल बेटाचा पाठ, १९ फेब्रुवारीचा पाठ आणि १९६५ चा पाठ. अभ्यासक्रम ठरवणाऱ्या मंडळींनी ते वाचावेत, त्यांतली भाषा कुठल्या पातळीला झेपेल ते ठरवावे आणि चुका असतील तर निःसंकोच काढाव्यात. चाकरमान्यांचा पाचवा पाठ एकटीने लिहिण्याचे धाडस होत नाही, कारण त्यासाठी इथल्या कृष्णवर्णीय शेजाऱ्यांपैकी कोणाला तरी वर्गात बोलावून त्यांच्या तोंडून ऐकायला हवे; माझ्या मुलाच्या मित्राच्या आजीने येण्याचे कबूल केले आहे, इंग्रजीत बोलतील, आम्ही मराठीत टिपून घेऊ. १९६५ च्या पाठासाठी मला आपल्या सर्वांची मदत हवी आहे. १९६८ ते १९८० या काळात आलेल्या मंडळींकडे त्या वेळची घरची पत्रे, विमानाची तिकिटे, पहिल्या भाड्याच्या पावत्या असतील तर त्यांच्या छायाप्रती आपापल्या मराठी शाळेत द्याव्यात. मूळ कागद कृपा करून देऊ नयेत, आणि पत्रातला खासगी मजकूर आधी झाकावा.

आपली,
न्यू जर्सीतील एक पालक आणि रविवारची शिक्षिका